किट कारसाठी मस्टँगचा जुना ॲक्सल: मागचे डिस्क ब्रेक आणि रुंदीचं गणित

फॅक्टरी फाइव्ह या कंपनीच्या मार्क 4 रोडस्टर या किट कारला मागे डिस्क ब्रेक बसवायचे असतील, तर माझं स्पष्ट मत असं: सुटं ब्रॅकेट किट घेऊ नका. 1994 ते 1998 मधल्या फोर्ड मस्टँग जीटीचा अख्खा ॲक्सल भंगारातून उचला. मित्राच्या गाडीला आम्ही दोघांनी मिळून ब्रॅकेट किट बसवलं होतं, माझ्या गाडीला अख्खा ॲक्सल बसवला, त्यामुळे दोन्हीतला फरक हाताखालून गेला आहे.

मार्क 4 म्हणजे शेल्बी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची गाडी. बेस किट घेतलं की चौकट आणि बॉडी नवी येते, बाकीचं बरंचसं जुन्या मस्टँगमधून काढून लावायचं असतं. माझी मस्टँग 1989 ची. मागे नऊ इंची ड्रम आणि चाकाला चारच स्टड. ड्रमने गाडी थांबते, पण चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारले की ड्रम तापतात आणि पेडलची पकड ढिली पडते. शिवाय पुढे पाच स्टड आणि मागे चार, हे मला चालणारच नव्हतं.

ब्रॅकेट किट विकणारे सांगतात की जुना ॲक्सल तसाच ठेवा, ड्रम काढा, ब्रॅकेट ठोका, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) लावा, झालं. मित्राच्या किटमध्ये ब्रॅकेटची भोकंच जरा सरकलेली होती. डिस्क कॅलिपरच्या मध्यावर बसेना, आतला पॅड घासत राहायचा. वॉशर घालून निभावलं, पण ब्रेकच्या कामात वॉशरवर भागवणं मला पटत नाही.

आता खरा मुद्दा, रुंदीचा. 1993 पर्यंतच्या मस्टँगचा 8.8 इंची (हा आतल्या मोठ्या गिअरचा व्यास) ॲक्सल फ्लँजपासून फ्लँजपर्यंत, म्हणजे चाक जिथे टेकतं त्या दोन चकत्यांमध्ये, सुमारे 59.25 इंच भरतो, म्हणजे 1505 मिमी. 1994 ला फोर्डने सगळ्या मस्टँगना मागे डिस्क दिल्या तेव्हा हाफ शाफ्ट प्रत्येक बाजूला पाऊण इंचाने लांब केले. ॲक्सल झाला 60.75 इंच. म्हणजे चाक दोन्हीकडे 19 मिमी बाहेर. मस्टँगच्या पोटात हे सहज मावतं, रोडस्टरची मागच्या चाकावरची कमान मात्र तेवढी उदार नाही.

बाबांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. व्हिडिओ कॉलवर चौकट दाखवली तर ब्रेकबद्दल अवाक्षर न काढता त्यांनी आधी विचारलं, "अगं, फ्लँज ते कमान किती भरतंय? ओळंबा सोडून बघ की आधी." मग तसंच केलं. बॉडी चौकटीवर नुसती ठेवली, ॲक्सल गाडीच्या चालत्या उंचीवर स्टँडवर टेकवला, पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) फिरवून तो मधोमध आणला आणि कमानीच्या काठावरून ओळंबा सोडला. पॅनहार्ड रॉड आधी लावून घेणं फार महत्त्वाचं. ॲक्सल एका अंगाला सरकलेला असेल तर एका बाजूला भरपूर जागा दिसते आणि दुसरीकडे टायर घासतो.

नव्या ॲक्सलच्या फ्लँजपासून कमानीच्या काठापर्यंत दोन्हीकडे 130 मिमी मिळाले. चाक घेतलं 17 इंची, 9 इंच रुंद, ऑफसेट 24 मिमी, म्हणजे चाकाचा मध्य फ्लँजच्या तेवढा आत. टायर 275/40. रुंदी 278 मिमी धरली तर निम्मी 139, त्यातून ऑफसेटचे 24 वजा. म्हणजे टायर फ्लँजच्या बाहेर 115 मिमी येतो आणि कमानीला 15 मिमी मोकळे राहतात. 1999 ते 2004 मधल्या मस्टँगचा ॲक्सल भंगारात जास्त मिळतो, पण तो प्रत्येक बाजूला आणखी जवळपास तेवढाच रुंद आहे. तो लावला असता तर टायर कमानीच्या बाहेर डोकावला असता. त्याला मोठ्या ऑफसेटचं चाक शोधावं लागतं. म्हणून विकणारा "सगळे मस्टँगचे ॲक्सल सारखेच" म्हणाला तरी टेप लावून बघा.

भंगारात ओळखायचं कसं? 1994 ते 1998 मधल्या व्ही6 मस्टँगलाही मागे डिस्क आहेत, पण ॲक्सल 7.5 इंची, कमजोर. तो नको. मागच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर "3L08" असं काही दिसलं तर L म्हणजे लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारी रचना), आणि 3.08 हे गुणोत्तर. माझ्या पट्टीवरचा गंज ब्रशने घासल्यावर तो L दिसला तेव्हा खूप आनंद झाला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या ॲक्सलवर गंज असणारच. वरचा चालतो. ब्रेक पाइप आणि हवा काढायचे निपल मात्र नवेच घ्या.

झाकण उघडलं की जुन्या गिअर ऑइलचा तो उग्र गंधकी वास गॅरेजभर पसरतो. आत दोन्ही शाफ्टच्या मधली पिन रोखणारा छोटा बोल्ट फार नाजूक, काढताना तुटू शकतो. हळू फिरवा, आणि परत लावताना नवाच वापरा. पिन निघाली की शाफ्ट आत ढकलायचा, म्हणजे त्याच्या टोकाला अडकवलेली सी-क्लिप निसटून पडते आणि शाफ्ट मोकळा होतो. सील आणि बेअरिंग याच वेळी बदलून टाका. लिमिटेड स्लिप असेल तर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नका, नाहीतर वळणावर क्लच प्लेटा कुरकुरतात.

सी-क्लिपमुळे शाफ्टला आत-बाहेर थोडी ढिलाई असतेच. फोर्डचा कॅलिपर सरकता आहे, तो डिस्कबरोबर जुळवून घेतो. चार पिस्टनचे चकचकीत घट्ट कॅलिपर दिसायला देखणे, पण अशा ॲक्सलवर वळणात डिस्क हलते, पिस्टन मागे ढकलले जातात आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं. ते लावायचे तर ॲक्सलची टोकंच बदलावी लागतात. मला साधी 10.5 इंची डिस्क आणि एका पिस्टनचा फोर्डचा कॅलिपर पुरेसा वाटला, गाडी मस्टँगपेक्षा कितीतरी हलकी आहे.

या कॅलिपरमध्ये हँडब्रेक आतच असतो, त्यामुळे पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवून न्यावा लागतो. त्याच्या तोंडावर खाचा असतात, पॅडच्या पाठीवरचा छोटा खुंटा त्यांतल्या एकीत बसला पाहिजे. बसला नाही तर पॅड तिरका झिजतो. डावा-उजवा कॅलिपर उलट लावला तर निपल खाली जातं आणि हवा कितीही काढा, पेडल मऊच राहतं. निपल वर आहे ना, तेवढं बघून घ्या. जुन्या लाइनमध्ये ड्रमसाठी 10 पीएसआयचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असेल तर तो काढा, नाहीतर पॅड सतत डिस्कला चिकटून राहतात.

एक गोष्ट वेळखाऊ आहे, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. माझ्या पेडल बॉक्सला दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढे-मागे वाटणारा दांडा) आहे. एबीएस नाही. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते, म्हणून रिकाम्या पार्किंगमध्ये मी ब्रेक मारत होते आणि मित्र बाजूला उभा राहून चाकं बघत होता. पुढची चाकं किंचित आधी अडकेपर्यंत बार फिरवला, मग लॉकनट घट्ट केला. ओल्या रस्त्यावर हीच तपासणी पुन्हा केली.

खर्च म्हणाल तर अख्खा ॲक्सल, नवे पॅड, डिस्क, सील धरूनसुद्धा मित्राच्या ब्रॅकेट किटपेक्षा कमीत पडला, कारण किटबरोबर त्याला पाच स्टडचे शाफ्ट वेगळे घ्यावे लागले. हँडब्रेकच्या केबल्स मात्र ज्या गाडीचा ॲक्सल घेताय तिच्यातूनच, ॲक्सलसोबत कापून न घेता पूर्ण सोडवून घ्या.