ड्रीमकास्टचा ब्रॉडबँड अडॅप्टर आणि लिनक्स: सात महिने वापरल्यावर

सात महिन्यांपूर्वी ड्रीमकास्ट या सेगाच्या गेम कन्सोलमधला मोडेम काढून तिथे ब्रॉडबँड अडॅप्टर (नेटवर्कची केबल जोडायचा भाग) बसवला आणि त्यावर लिनक्स सुरू केलं. रूट फाइलसिस्टम एनएफएसवर (म्हणजे फाइल नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर), लॉग बघायला सिरियल केबल. १६ एमबी मेमरी आणि २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर एवढ्यावर १९९८ सालचं हे मशीन आठवडेच्या आठवडे चालू राहतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

अडॅप्टरमध्ये रिअलटेकची ८१३९ चिप आहे, एके काळी पीसीत सर्रास सापडणारी. त्यामुळे नेहमीचा ८१३९टू ड्रायव्हर लावला की काम झालं, असं मी धरून चालले होते. पण ही चिप पीसीतल्या पीसीआय बसची (भाग जोडायच्या मार्गाची), आणि कन्सोलची एक्स्पान्शन बस म्हणजे जी२. दोन्हींच्या मध्ये गॅप्स नावाचा ब्रिज बसतो. या ब्रिजपलीकडून चिपला मुख्य मेमरी दिसतच नाही. तिचा सगळा डीएमए, म्हणजे प्रोसेसरविना थेट मेमरीशी होणारी देवाणघेवाण, ब्रिजवरच्या ३२ केबी एसरॅममध्येच (छोट्या वेगळ्या मेमरीत) होतो. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) फिक्सअप, म्हणजे या हार्डवेअरपुरता जोडलेला कोड, ही एसरॅम त्या डिव्हाइसची स्वतःची डीएमए मेमरी म्हणून नोंदवतो. ड्रायव्हर नेहमीसारखी मेमरी मागतो आणि त्याच्या हाती नेमकी तीच पडते. हा तोडगा मला फार आवडतो.

बूट होताना कर्नल ब्रिजची सही (ओळखीचा ठरलेला मजकूर) वाचतो, एका रजिस्टरमध्ये ठरलेला आकडा लिहितो, दहा लाख फेऱ्यांचा रिकामा लूप फिरवतो आणि मग उत्तर १ आलं का ते बघतो. सात महिन्यांत हे एकदाच फसलं, तेही अडॅप्टर नीट बसला नव्हता म्हणून.

खरा त्रास झाला तो एनएफएसचा. छोट्या फाइल सुरळीत येत, मोठी फाइल मात्र अडखळत यायची आणि रिसीव्ह एररचा आकडा चढत राहायचा. कारण ड्रायव्हरमध्येच होतं. इतरत्र रिसीव्ह रिंग (आलेली पॅकेट तात्पुरती ठेवायची जागा) ३२ केबीची, ड्रीमकास्टसाठी फक्त ८ केबीची. मी यूडीपीवर (हरवलेला तुकडा स्वतः परत न पाठवणारा प्रोटोकॉल) ८ केबीचे रीड मागत होते. असं एक उत्तर सहा तुकड्यांत, लागोपाठ येतं आणि हेडर धरून ८ केबीच्या वर जातं. प्रोसेसरला रिंग उपसायला जरा उशीर झाला की शेवटचा तुकडा गळतो आणि सगळंच उत्तर पुन्हा मागावं लागतं. आरसाइझ (एका वेळी वाचायला मागायचे बाइट) ४०९६ केल्यावर हा त्रास थांबला.

त्याआधी मी रिंगच १६ केबी करून पाहिली होती. हिशेब बसत होता: रिंगचे १६, पुढच्या मोकळ्या जागेचे २, पाठवायच्या चार बफरचे ६, एकूण २४ केबी. तरी मेमरी नाही म्हणून इंटरफेस उघडेचना. पूर्ण संध्याकाळ गेली तेव्हा कळलं की ही मेमरी दोनाच्या घातांतच वाटली जाते. १८ केबी मागितले की ३२ केबीचा अख्खा तुकडा लागतो, आणि पाठवायच्या बफरनी त्यातले ८ आधीच घेतलेले असतात. रिंग ८ केबीची ठेवली की तिला १६ लागतात, बफरना ८, आणि सगळं मावतं. तो ८ चा आकडा मी परत जिथल्या तिथे ठेवला.

वेगाची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. चिप १०० मेगाबिटची असली तरी प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला जी२ वरून स्वतः उचलून आणावं लागतं. आवाजाची आयका चिपही त्याच बसवर आहे. तिचा ड्रायव्हर दर आठ शब्द लिहिले की फिफो (लिहिलेल्या शब्दांची रांग) रिकामा व्हायची वाट बघतो. गाणं लावून मोठी फाइल कॉपी केली की वेग पडलेला जाणवतो, पण सात महिन्यांत त्यामुळे मशीन एकदाही अडकलं नाही.