बांगडीतले १२ मिलिमीटर: सांगलीतली मुलींची विज्ञान-गणित कार्यशाळा

विश्रामबागमध्ये सातवी ते नववीच्या मुलींसाठी शनिवार-रविवारी भरणारी ही कार्यशाळा. चोवीस मुली, तीन ताई, सकाळी १० ते संध्याकाळी ५, दोन दिवसांचे ६०० रुपये, साहित्य त्यातच. मुलीला पाठवावं का, याचं उत्तर आधीच देतो: जरूर पाठवा. गणिताचा भाग फार उत्तम, हळदीचा चांगला, विजेचा अर्धवट, आणि सुरुवातीचं भाषण निम्म्यावर आणावं असं.

पहिल्या सकाळी टेबलावर येतात त्या बांगड्या. एकाच जाडीच्या, धातूच्या, पाच मापांच्या: दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, आणि लहान मुलींच्या हातातली एक-आठ. सव्वादोन, अडीच ही मापं मुलींना तोंडपाठ असतात. पण त्यातला दुसरा आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो, हे बहुतेकींना इथंच उमगतं. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार-सोळांश, म्हणून सव्वादोन. २५.४ ने गुणलं की आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, एक-आठपासून चढत्या क्रमानं: ३८.१, ५४.०, ५७.२, ६०.३ आणि ६३.५. कासाराकडची भाषा आणि अपूर्णांक इथं एकाच ओळीत येतात, आणि त्यासाठी वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मग परीघ. एक सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी बांगडीला बाहेरून घट्ट गुंडाळायची, जिथं टोकावर टोक येतं तिथं टाचणी टोचायची, पट्टी सोडवून दोन भोकांतलं अंतर फूटपट्टीवर मोजायचं. दोऱ्यानं मोजू नये. दोरा ताणला जातो आणि प्रत्येक मुलीच्या हाताचा ताण वेगळा असतो, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात. पट्टी तिरकी गुंडाळली तर परीघ जास्त भरतो. ती दोन्ही कडांना बांगडीला समांतर आहे ना, हे दुसऱ्या मुलीनं बघायचं.

जमलेले परीघ साधारण असे: १३२, १८२, १९२, २०२, २१२. परीघाला व्यासानं भागल्यावर उत्तरं येतात ३.४६, ३.३७, ३.३६, ३.३५, ३.३४. वर्गात अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ‘चुकलं, ३.१४ लिहा’ म्हणून प्रयोग गुंडाळला जातो. इथं एकही आकडा खोडत नाहीत. व्यास-परीघाच्या सगळ्या जोड्या आलेख कागदावर मांडतात: आडव्या अक्षावर व्यास, उभ्यावर परीघ. पाचही बिंदू एका सरळ रेषेत येतात. व्यास २५.४ नं वाढला तर परीघ ८० नं वाढतो, म्हणजे चढ ३.१५. पाय (π) सापडला! पण रेषा शून्यातून जात नाही. ती उभ्या अक्षाला १२ च्या आसपास कापते.

व्यास शून्य असलेल्या बांगडीला १२ मिलिमीटर परीघ कुठून आला? या प्रश्नावर अर्धा तास सोडलेला आहे आणि तो अर्धा तास म्हणजे या कार्यशाळेचं सोनं आहे. व्यास आतला घेतला, परीघ बाहेरचा. बांगडीची कड २ मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंची मिळून ४. त्या ४ ला ३.१४ नं गुणलं की १२.६. चुकीतून पाय तर मिळतोच, वर बांगडीची जाडीही मिळते. मग व्हर्नियर कॅलिपर (जाडी बारकाईनं मोजायचं साधन) हातात येतं आणि प्रत्येक गट कड मोजून बघतो. कॅलिपर तीनच आहेत, पण गटही आळीपाळीनं येत असल्यानं खोळंबा होत नाही.

एक त्रुटी मात्र आहे. अक्ष शून्यापासून सुरू करा, हे आधी सांगत नाहीत. आठ गटांपैकी काही जणी जागा वाचवायला ३० पासून सुरू करतात, मग छेद दिसतच नाही आणि आलेख पुन्हा काढण्यात वीस मिनिटं जातात. घरी करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. आणि काचेच्या बांगड्या घेऊ नका. त्या क्वचितच पूर्ण गोल असतात, एकाच बांगडीचा व्यास दोन दिशांनी वेगळा भरतो.

गट तिघींचे आहेत, आणि दर मोजमापानंतर कामं फिरतात: एक मोजणारी, एक तपासणारी, एक लिहिणारी. यामागचं कारण प्रयोगशाळेत उभं राहिलेल्या कुणालाही पटेल. मिश्र वर्गात गट पाडले की मुलगे तारा जोडतात आणि ‘अक्षर चांगलं’ म्हणून वही मुलीकडं जाते. वर्ष संपतं, तिनं स्क्रू एकदाही पिळलेला नसतो. इथं ताईंनाही नियम आहे: मुलीच्या हातातलं साहित्य आपल्या हातात घ्यायचं नाही, तोंडानं सांगायचं. पहिला दिवसभर तो काटेकोर पाळला जातो.

हळदीचा प्रयोग करायला सांगलीहून योग्य गाव नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या मुलींना पोती, सौदे, बाजारातला दरवळ नवा नाही. कृती अशी: ५० मिलिलिटर सर्जिकल स्पिरिटमध्ये चमचाभर हळद, झाकण लावून दहा मिनिटं हलवायची, गाळून घ्यायची, त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवायच्या. पाणी चालत नाही, कारण हळदीतलं रंगद्रव्य कुर्कुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. पाण्यातल्या पट्ट्यांवर नुसता गाळ चिकटतो. उन्हातही वाळवू नयेत, उन्हानं कुर्कुमिनचा रंग उडतो. स्पिरिट पेट घेतं, म्हणून त्या खोलीत मेणबत्तीसुद्धा नको, आणि इथं तेवढी काळजी घेतलेली दिसते.

पट्टी चुन्याच्या निवळीत आणि धुण्याच्या सोड्यात लालभडक होते. कुंकू हळद आणि चुन्यापासून करत, हे आजीकडून ऐकलेलं असतं, पट्टी लाल होते त्या क्षणी त्याचा अर्थ लागतो. खाण्याच्या सोड्यात मात्र रंग धड पिवळा नाही, धड लाल नाही, असा राहतो. त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ८.३ च्या जवळ आणि हळदीचा रंग पालटतो साधारण ७.४ ते ८.६ च्या दरम्यान. हा अर्धवट रंग ‘प्रयोग बिघडला’ म्हणून सोडून देत नाहीत, ही चांगली गोष्ट. लिंबात पट्टी पिवळीच राहते आणि नळाच्या पाण्यातही पिवळीच, म्हणजे आम्ल ओळखायला हळद उपयोगाची नाही. तिथं जास्वंदीच्या पाकळ्यांचा काढा हवा. तो आम्लात लालगुलाबी आणि अल्कलीत हिरवा होतो. तो ठेवलेला नव्हता. चार फुलांचा प्रश्न आहे, पुढच्या बॅचला जरूर ठेवावा.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर काठीची सावली. वेळापत्रकात लिहिलंय ‘दुपारी १२’, आणि इथं गडबड आहे. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात, सांगली आहे ७४.६ अंशांच्या आसपास. फरक ७.९ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपला खरा मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी. ऋतूप्रमाणे तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराला येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजून जातो. डिसेंबरच्या बॅचला १२ ला मोजलं तर एक मीटर काठीच्या सावलीत जेमतेम दोन सेंटिमीटरची चूक होते, ती कुणाच्या ध्यानात येत नाही. पण त्या सावलीवरून उत्तर दिशा आखली तर ती दहा अंशांनी चुकते. १२ वाजून १० मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी खडूनं टोक टिपावं, १२ वाजून ५० पर्यंत. सगळ्यात आखूड सावली मुली स्वतः शोधतील. डिसेंबरअखेर ती ८५ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर. काठी उभी आहे का, हे ओळंब्यानं तपासायला हवं. इथं नजरेनं ठरवलं गेलं.

विजेच्या सत्रात ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, रेझिस्टर (वीजप्रवाह अडवणारा भाग) आणि सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारा जोडणं. लाल एलईडी २ व्होल्ट घेतो, उरलेले ७ व्होल्ट ३३० ओहमवर पडले की २१ मिलिअँपिअर जातात, ते ठीक. रेझिस्टर किती ओहमचा ते त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं: ३३० चे पट्टे नारंगी-नारंगी-तपकिरी, ३३ चे नारंगी-नारंगी-काळा. ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी आणि काळा सारखेच दिसतात, आणि ३३ ओहम लागला की एलईडी क्षणात जातो. मल्टिमीटरनं (ओहम मोजायच्या यंत्रानं) आधी मोजायला लावलं तर हे टळतं. मल्टिमीटर कपाटात होता, तो टेबलावर हवा.

सोल्डरिंग आयर्न चारच, २५ वॉटचे. चोवीस मुली. एकेकीच्या वाट्याला दोनच जोड येतात, आणि जोड बसायला लागतो तो चौथ्या-पाचव्या प्रयत्नात. टोकावर धातू वितळवून वर थेंब सोडला तर जोड मळकट, खडबडीत होतो आणि ओढला की सुटतो. तार आणि एलईडीचा पाय दोन्ही आधी तापले पाहिजेत, मग धातू स्वतः पसरतो. घाई झाल्यामुळे इथं ताईंनी हातातून आयर्न घेऊन जोड पूर्ण करून दिले. पहिल्या दिवशीचा नियम नेमका जिथं सर्वांत जास्त हवा होता तिथं मोडला. बारा आयर्न घ्या, नाहीतर हे सत्र बारा-बारा जणींच्या दोन तुकड्यांत करा आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या तुकडीला सावलीचा प्रयोग द्या.

भाषणाबद्दल. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगतात. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. मुली मन लावून ऐकतात. पण पाऊण तास त्यांनी काय सोसलं तेच चालतं, आणि त्यांनी काम कशावर केलं, हे येतच नाही. केंब्रिजला त्या बटाट्यावर काम करत होत्या, वनस्पतींच्या पेशींतल्या श्वसनावर. मग भाषण वीस मिनिटांत आटपा आणि बटाटाच टेबलावर आणा. मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांचं करायचं. कच्च्या फोडीवर थेंब टाकला की फेस उसळतो, उकडलेल्या फोडीवर काही होत नाही, कारण उकडताना त्यातलं विकर (एन्झाइम) बिघडतं. हातमोजे हवेत, डोळ्यांना चष्मा हवा. सगळा खर्च दीडशे रुपयांच्या आत.

येण्याजाण्याचंही बघा. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या मुलींना पाचला सुटून एसटी गाठायची असते, म्हणून रविवारी साडेचारला संपवलं तर बरं. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. शाळेचा मोफत पास मात्र गाव ते शाळा एवढ्याच मार्गावर चालतो, तेव्हा तिकिटाचे पैसे बरोबर द्या. डबा, पाण्याची बाटली, बांधायला रबर (सोल्डरिंगला मोकळे केस चालत नाहीत), सुती ओढणी किंवा ओढणीशिवाय ड्रेस, आणि घरात असेल तर एक जुनी बांगडी, दोन-दहाची मिळाली तर फारच छान. आलेखावर सहावा बिंदू ६६.७ वर येतो.