क्रूझची शेवटची सकाळ: बॅगा रात्रीच द्यायच्या की स्वतः घेऊन उतरायचं?

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ करून नाशिकला परतताना शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये एक कागद आणि रंगीत, नंबर छापलेले टॅग येतात. तेव्हाच ठरवावं लागतं. एक मार्ग असा: मोठ्या बॅगांना टॅग लावून रात्री दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी हात हलवत उतरायचं आणि टर्मिनलच्या हॉलमध्ये आपल्या रंगाच्या रांगेतून त्या उचलायच्या. दुसरा मार्ग: टॅग लावायचेच नाहीत, सगळं सामान स्वतः ओढत पहिल्या लोंढ्यात बाहेर पडायचं.

बहुतेक लोक हे ‘लवकर सुटायचंय का’ एवढ्यावरच ठरवतात. नाशिककराने आधी परतीची गाडी पाहावी आणि तिथून उलट मोजत यावं. दुपारच्या गाडीचं तिकीट असताना सकाळी सातला बॅगा ओढत धक्क्यावर येण्यात काडीचा फायदा नाही.

सकाळी घडतं काय

जहाज साधारण पहाटे पाच-सहाच्या सुमारास धक्क्याला लागतं, पण लागलं म्हणजे लगेच उतरता येत नाही. दोर बांधायचे, शिडी लावायची, बॅगा खाली काढायला सुरुवात करायची, बंदराच्या अधिकाऱ्यांची मंजुरी घ्यायची. यात तासभर सहज जातो. मग आधी स्वतः सामान नेणारे सुटतात आणि त्यांच्यामागून एकेका रंगाची घोषणा होत जाते. शेवटचा गट नऊ-दहाच्या सुमारास बाहेर पडतो. नेमक्या वेळा दर फेरीला बदलतात, म्हणून केबिनमध्ये आलेला कागदच अंतिम समजायचा.

मधल्या वेळात केबिन मात्र आठच्या आसपास रिकामी करावी लागते, कारण त्याच दुपारी पुढचे प्रवासी चढणार असतात. म्हणजे शेवटच्या गटात असलात तरी आठनंतर लाउंजमध्ये किंवा डेकवर बसून काढायचे. नाश्ताही त्या दिवशी लवकर आवरतात. शेवटचा रंग मिळालेले लोक ‘वेळ आहे’ म्हणून लोळत पडतात आणि साडेआठला रिकाम्या काउंटरपाशी पोहोचतात. उतरायची वेळ काहीही असो, खाऊन साडेसातच्या आत मोकळं व्हावं.

रात्री बॅगा देणं

सुख उघड आहे: लिफ्टमध्ये जागा मिळते, शिडीवर दोन्ही हात मोकळे राहतात, आजी-आजोबांना हात देता येतो. मुंबईत शिडीचा मुद्दा किरकोळ नाही. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त बदलते. धक्का जागच्या जागी, जहाज मात्र वर-खाली. त्यामुळे चढताना जवळजवळ सपाट वाटलेली शिडी उतरताना चांगलीच उताराची असू शकते, किंवा वेगळ्याच डेकवरून लावलेली असते. अशा उतारावर अठ्ठावीस इंची बॅग माणसाच्या पुढे पळते.

तोटा एकच, पण घोळ सगळे त्यातूनच होतात: रात्री दहा-अकरा ते सकाळी हॉलमध्ये पोहोचेपर्यंत बॅग तुमच्या हातात नसते. सकाळी घालायचे कपडे आत गेले, चप्पल आत गेली, बीपीची गोळी आत गेली, असं दर फेरीला कुणा ना कुणाचं होतंच. म्हणून बॅग बंद करायच्या आधी सकाळचा पूर्ण जोड पलंगावर काढून ठेवा, अगदी मोज्यांपर्यंत. मग एका पाठपिशवीत आधारकार्ड किंवा पासपोर्ट, केबिनचं कार्ड, सकाळची औषधं, चष्मा, चार्जर, दागिने, पैसे, ब्रश आणि लहान मूल असेल तर कपड्यांचा एक जादा जोड. काचेची बाटली मोठ्या बॅगेत नको. पाच-सहाशे बॅगांच्या ढिगात कुठली खाली जाईल ते सांगता येत नाही.

बाटलीवरून आठवलं. गोव्यात उतरून स्वस्तात घेतलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा उत्पादन शुल्काचा गुन्हा आहे. कागदी पिशवीत गुंडाळली म्हणून तो माफ होत नाही.

टॅग लावताना जुने टॅग, विमानाचे स्टिकर सगळं फाडून टाका. टॅग चाकाच्या बाजूला न लावता वरच्या मुठीला लावा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. काळ्या, निळ्या बॅगा शेकड्यांनी असतात. पैठणीच्या काठाची पट्टी किंवा भडक सुतळी बांधली तर लांबून ओळखू येते. नाव आणि मोबाइल नंबर आतल्या बाजूलाही लिहून ठेवा, बाहेरचा कागद फाटला तर तोच उपयोगी पडतो.

स्वतः घेऊन उतरणं

अट साधी आहे: प्रत्येकाने आपलं सामान एका फेरीत, कुणाच्याही मदतीशिवाय न्यायचं. घरात चार माणसं आणि पाच बॅगा असतील, त्यातला एक सहा वर्षांचा आणि एक सत्तरीचे, तर प्रत्यक्षात दोन माणसं आणि पाच बॅगा असा हिशेब होतो. तिथेच हा पर्याय बाद. रात्रीच मोजून बघा: प्रत्येक मोठ्या माणसाच्या वाट्याला चाकांची एक बॅग आणि पाठीवर एक पिशवी, त्यावर काही उरत असेल तर टॅग लावा.

खरी कोंडी लिफ्टपाशी होते. घोषणा झाली की वरच्या डेकवरचे सगळे एकाच वेळी खाली निघतात, लिफ्ट भरून येते आणि तुमच्या मजल्यावर दार उघडून तशीच बंद होते. शिडी कोणत्या डेकला लागणार हे रात्रीच स्वागतकक्षात विचारा. त्या डेकपासून एक-दोन मजल्यांत केबिन असेल तर जिन्याने उतरा, लांब असेल तर घोषणेच्या आधीच खाली जाऊन बसा. बॅग घेऊन सहा मजले जिना उतरण्यात शहाणपण नाही.

मिळतं काय? वेळ, रंग कितवा लागला असता त्यावर तास ते अडीच तास. शिवाय बॅग कधीच नजरेआड होत नाही. देशांतर्गत फेरीत फायदा इतकाच. परदेशातल्या बंदरावरून येणाऱ्या फेरीत मात्र इमिग्रेशन आणि कस्टम्स आलं, तिथे पहिल्या पन्नासात असणं आणि पाचशेव्या नंबरवर असणं यात मोठं अंतर पडतं. पण मग खरोखर पहिल्या पन्नासात असायला हवं. मधल्या गर्दीत सापडलात तर बॅगा ओढल्याचं चीज होत नाही.

व्हीलचेअर लागत असेल तर हा विषय इथेच संपतो. आदल्या दिवशीच स्वागतकक्षात नोंद करा, बॅगा रात्री द्या. मदतनीस येतो, पण त्याच्या क्रमाने, आणि सोबतचं माणूस बॅगांत अडकलेलं असलं तर ओढाताण होते.

नाशिकची गाडी

क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला. तिथून सीएसएमटी दीड-दोन किलोमीटरवर. एवढं जवळ म्हणून रेल्वे सोयीची वाटते, पण वेळापत्रक आडवं येतं. तपोवन सकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते, तेव्हा जहाज जेमतेम धक्क्याला लागलेलं असतं. त्यानंतर नाशिककरांच्या हक्काच्या म्हणाव्यात अशा गाड्या थेट दुपारी: बाराच्या सुमारास जनशताब्दी, एकच्या सुमारास वंदे भारत. पंचवटी तर संध्याकाळी सव्वासहाला. मधे नाशिकरोडला थांबणाऱ्या उत्तरेकडच्या गाड्या असतात, पण ऐनवेळी त्यांत बॅगांसकट चढायला कुणी सुचवू नये. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते आणि वेळा सरकत असतात, त्यामुळे क्रूझची तारीख ठरली की लगेच दोन्ही गाड्या तपासा.

थोडक्यात, रेल्वेने जाणाऱ्याला घाई करायचं कारणच उरत नाही. बॅगा रात्री द्या, शेवटचा गट मागून घ्या (स्वागतकक्षात विचारलं तर टॅग बदलून देतात), दहाला बाहेर पडा. स्वतः सामान घेऊन साडेसातला सुटलेला माणूस बाराची जनशताब्दी पकडेपर्यंत स्टेशनवर चार तास बॅगांची राखण करत बसतो. ते टाळायला क्लोकरूम आहे, पण तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत.

टॅक्सीबद्दल एक बारीक गोष्ट. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे डिकी असून नसल्यासारखी. मोठ्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढतात. चार माणसं आणि तीन मोठ्या बॅगा असतील तर दोन टॅक्सी किंवा मोठी गाडी बोलवा. आणि ‘सीएसएमटी’ म्हणून सोडू नका, ‘पी. डिमेलो रोडच्या बाजूने’ म्हणा. लांब पल्ल्याचे प्लॅटफॉर्म त्या अंगाला आहेत, लोकलच्या गर्दीतून बॅगा न्याव्या लागत नाहीत. नाशिकरोडला गाडी जेमतेम दोन-चार मिनिटं थांबते, म्हणून देवळाली मागे पडली की बॅगा दाराकडे सरकवायला लागा.

स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जायचं असेल तर गणित पार उलटं होतं. सकाळची गर्दी दक्षिण मुंबईकडे येणारी असते, तुम्ही बाहेर निघालेले असता. पी. डिमेलो रोडवरून ईस्टर्न फ्रीवेला लागलं की चेंबूरपर्यंत सिग्नल नाही. साडेसातला गाडीत बसलात तर ठाण्याचा माजिवडा आणि भिवंडी बायपास त्यातल्या त्यात बरा असताना पार होतो. दहाला निघालात तर तिथे ट्रक-कंटेनरच्या रांगेत ऊन खात बसायची तयारी ठेवा. आधी उतरण्याचा पैसा इथे वसूल होतो. गाडीवाल्यांनी शक्य असेल तर स्वतःच सामान घेऊन उतरावं, हे आमचं स्पष्ट मत.

पुढचा रस्ताही ठरवून ठेवा. समृद्धी महामार्गाचा भिवंडीजवळचं आमणे ते इगतपुरी हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. टोल जास्त पडतो, पण कसारा घाट टळतो. तीन-चार दिवस जहाजावर काढलेल्यांना जमिनीवर आल्यावरही दिवसभर डोलल्यासारखं वाटतं, आणि त्यात भरपेट नाश्त्यावर घाटाची वळणं म्हणजे मुलांना उलटी ठरलेली. पेट्रोल आणि स्वच्छतागृह मात्र आमणेच्या आधीच उरकून घ्या.

ड्रायव्हरला कुठे उभं राहायला देतात हे जाताना, चढायच्या दिवशीच पाहून ठेवा. बंदराच्या आत हव्या त्या गाडीला सोडत नाहीत, आणि सकाळी गेटवर ‘तू कुठे, मी कुठे’ यात वाचवलेला अर्धा तास जातो. त्याला जहाज लागायची वेळ न सांगता तुमची बाहेर पडायची वेळ सांगा. फोन विमान मोडवरून काढताना पडद्यावर मुंबईचं नेहमीचं नेटवर्क दिसतंय ना ते बघा. समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर दोन मिनिटांच्या फोनचं बिल हादरवतं.

एसटीचा पर्याय आहे, दादर किंवा ठाण्याहून. दोघं जण, पाठीवर एकेक बॅग, गाडीचं आरक्षण नाही, एवढ्यांसाठी ठीक. मोठ्या बॅगा घेऊन आधी दादर गाठणं हाच एक प्रवास होतो.

सिंगापूरहून परतत असाल तर

टूरवाल्यांबरोबर सिंगापूरची क्रूझ घेणारे नाशिककर बरेच. तिथे जहाज सुटून परत आलं म्हणजे सिंगापुरात पुन्हा प्रवेश, त्यामुळे व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते आधी बघायचं आणि एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म) परतीच्या तारखेसाठी पुन्हा भरायचं. हे जहाजावर वायफाय विकत घेऊन पहाटे भरण्यापेक्षा फोन चालू असलेल्या ठिकाणी, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांच्या मुदतीत उरकावं. सिगारेटला तिथे करसवलत नाही, मलेशियाहून येताना दारूलाही नाही. चांगी विमानतळावरून परतीचं विमान दुपारी एकनंतरचं असेल तर कुठलाही पर्याय चालतो. त्याआधीचं असेल तर बॅगा स्वतःजवळच ठेवा.

बिल आणि हरवलेली बॅग

जहाजावरचा खर्च कार्डाला जोडलेला असेल तर बिलाचा कागद शेवटच्या रात्री दाराखालून येतो किंवा टीव्हीवर दिसतो. त्यातली चूक रात्रीच सांगा. सकाळी सातला त्या खिडकीवर तीस-चाळीस माणसं असतात. रोख अनामत भरली असेल तर उरलेले पैसेही रात्रीच परत घ्या. डेबिट कार्डावर अडकवलेली जादा रक्कम सुटायला काही दिवस लागतात, म्हणून परतीच्या टोल-पेट्रोलसाठी वेगळं कार्ड किंवा रोकड ठेवा. तिजोरी रिकामी करून दार उघडंच सोडा. केबिनचं कार्ड टाकून देऊ नका, शिडीवर त्याचीच नोंद होते.

हॉलमध्ये आपल्या रंगाच्या रांगेत बॅग दिसली नाही तर आधी शेजारच्या दोन रांगा बघा, टॅगचा आकडा चुकीचा वाचला गेलेला असतो. तरीही नाही सापडली तर टर्मिनलच्या दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी काउंटरवर लेखी नोंद करा, टॅगचा फोटो दाखवा आणि नोंदीची प्रत घ्या. कुणी तुमच्यासारखीच बॅग उचलून नेली असेल तर तो माणूस बहुधा अजून गेटपाशी टॅक्सी शोधत उभा असतो.