आयबीडी आणि व्हिटॅमिन डी: पुडी घेत राहावी, वार्षिक पॅकेजवर विसंबावे की ठरवून तपासावे?

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाच्या आजाराचे (आयबीडीचे) निदान झालेल्या बहुतेक रुग्णांच्या फाइलमध्ये व्हिटॅमिन डीचा एखादा तरी रिपोर्ट सापडतो. तो कमी आला की पुडी लिहून मिळते, पण पुढची तपासणी कधी करायची हे बऱ्याचदा ठरत नाही. ठाणे आणि नवी मुंबईत या रुग्णांपुढे साधारण तीन मार्ग असतात: तपासणी न करता पुडी चालू ठेवणे, घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या वार्षिक पॅकेजमध्ये जो आकडा येईल तो पाहणे, किंवा आजाराची अवस्था पाहून तपासणीची वेळ ठरवणे. माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे, मात्र तो सर्वांना सारख्याच काटेकोरपणे पाळावा लागत नाही.

पहिल्या मार्गाच्या बाजूने बोलण्यासारखे नक्कीच आहे. आपल्याकडे या जीवनसत्त्वाची कमतरता इतकी सर्रास आढळते की न तपासता बांधलेला अंदाजही पुष्कळदा बरोबर निघतो. ज्याचा कोलायटिस शांत आहे, लहान आतडे शाबूत आहे आणि स्टेरॉईड चालू नाही, अशा प्रौढ व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज १,००० ते २,००० युनिट घेतले आणि वारंवार तपासणी केली नाही, तर फारसे बिघडत नाही. क्रोन्समध्ये मात्र हे गणित बदलते. व्हिटॅमिन डी स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जाते आणि त्यासाठी पित्तक्षार लागतात. हे क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषले जातात आणि क्रोन्सचा दाह नेमका तिथेच जास्त आढळतो. तो भाग सुजलेला असेल किंवा शस्त्रक्रियेत काढलेला असेल, तर तीच पुडी एका रुग्णाची पातळी दुप्पट करते आणि दुसऱ्याची जेमतेम हलवते. कोणाच्या बाबतीत काय घडले, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

याच मार्गाचा दुसरा धोका जास्तीचा आहे. ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी सहसा आठ आठवड्यांसाठी दिली जाते, मात्र जुन्या चिठ्ठीवर केमिस्टकडून ती महिनोन्‌महिने आणली जाते. रक्तातील पातळी १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेली की कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि वारंवार लघवी असा त्रास होऊ शकतो. आयबीडीचा रुग्ण यातला पोटाचा त्रास आपल्या जुन्या आजाराच्या खाती टाकतो आणि खरे कारण मागे पडते. हे क्वचित घडते, पण आठवड्याचा मोठा डोस रोजचा समजून घेतला गेला तर अवघड प्रसंग ओढवतो.

वार्षिक पॅकेज सोयीचे असते, स्वस्त पडते आणि काहीच न तपासण्यापेक्षा निश्चितच बरे. त्याची उणीव वेळेत आहे. शरीरात दाह भडकलेला असताना व्हिटॅमिन डीचा रक्तातला आकडा दाहामुळेही खाली येतो, म्हणजे साठा तितका घटलेला नसतानाही रिपोर्ट कमी दिसू शकतो. त्यामुळे रक्त पडत असताना, दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावे लागत असताना घेतलेला नमुना सीआरपीशिवाय, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीशिवाय, वाचणे धोक्याचे आहे. ऋतूचाही परिणाम होतो: जून ते सप्टेंबर ढगांखाली काढल्यावर ऑक्टोबरमध्ये दिलेले रक्त आणि मे महिन्यात दिलेले रक्त यांची सरळ तुलना करता येत नाही.

शिवाय पॅकेजच्या रिपोर्टमध्ये ३० नॅनोग्रॅमच्या खालचा प्रत्येक आकडा ठळक अक्षरांत येतो. ३० ची ही रेघ अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये आखली होती. त्याच वर्षी तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेक लोकांच्या हाडांसाठी २० पुरेसे मानले, आणि २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनेही आपल्या ३० च्या निकषाला दिलेला पाठिंबा काढून घेतला. म्हणून स्टेरॉईड न घेणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाने २४ पाहून घाबरण्याचे कारण नाही. तोच २४ महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड घेतलेल्या आणि डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, हाडे विरळ आढळलेल्या रुग्णाचा असेल, तर डॉक्टर तो निराळ्या नजरेने पाहतील.

ठरवून तपासण्याचा मार्ग याच फरकावर उभा आहे. क्रोन्समध्ये आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल, स्टेरॉईडचे कोर्स पुन्हा पुन्हा होत असतील, वजन घटत असेल किंवा पित्तक्षार बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिन चालू असेल, तर वर्षातून दोनदा तपासणी मला योग्य वाटते. शांत कोलायटिसमध्ये पावसाळा संपल्यावर एकदा केलेली पुरे. डोस बदलल्यावर मात्र तीन महिने थांबावे, कारण व्हिटॅमिन डीचा साठा दाखवणाऱ्या रक्तातील 'पंचवीस हायड्रॉक्सी' रूपाचे अर्धे आयुष्य दोन ते तीन आठवड्यांचे असते आणि पातळी स्थिरावायला तेवढा अवधी लागतो. नमुना शक्यतो आजार शांत असताना, सीआरपी किंवा कॅलप्रोटेक्टिनच्या (आतड्याचा दाह दाखवणाऱ्या शौचाच्या तपासणीच्या) सोबतीने द्यावा. आकडा फार कमी असेल तर कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन पाहण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

औषधाऐवजी ऊन घ्यावे का, असा प्रश्न महापे-ऐरोलीच्या वातानुकूलित कचेऱ्यांत दिवस घालवणारे रुग्ण हमखास विचारतात. काचेतून येणाऱ्या उन्हाचा या कामी उपयोग नाही, कारण काच आवश्यक अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवते. त्यातही प्रतिकारशक्ती दाबणारे अझाथायोप्रिन घेणाऱ्यांना त्वचेच्या कर्करोगाच्या वाढत्या जोखमीमुळे कडक ऊन टाळायलाच सांगितलेले असते. अशा रुग्णाने गच्चीवर भर दुपारी बसण्यापेक्षा तोंडावाटे डोस घेणे आणि त्याचा परिणाम मोजणे हेच सुरक्षित.

यातून आजार आटोक्यात येईल, अशी आशा मात्र कोणी दाखवू नये. डेन्मार्कमध्ये शांत क्रोन्सच्या ९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १,२०० युनिट घेणाऱ्यांपैकी १३ टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात पुन्हा उफाळला. पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. तपासणी करायची ती मुख्यतः हाडांसाठी.

लॅब निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. चिठ्ठीवर 'पंचवीस हायड्रॉक्सी' असेच लिहिलेले हवे; 'एक-पंचवीस डायहायड्रॉक्सी' ही महाग तपासणी साठा दाखवत नाही, आणि कमतरतेतही तिचा आकडा नॉर्मल किंवा जास्त येऊ शकतो. दुसरे, वाशीत एकदा आणि नौपाड्यात एकदा असे न करता दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासावे, कारण दोन पद्धतींमधल्या फरकालाच आपण सुधारणा किंवा घसरण समजून बसतो. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. आजारामुळे केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त घेणाऱ्याला ते आधी सांगावे आणि डॉक्टरांना विचारून त्या दोन-तीन दिवस थांबवाव्यात. काही पद्धतींमध्ये बायोटिनमुळे व्हिटॅमिन डीचा आकडा खोटाच जास्त येतो आणि ज्याला डोसची गरज आहे त्याचाच डोस बंद होतो.