मराठा की पॅरा?

भांडुपच्या मैदानावर पहाटे लष्कराच्या भरतीसाठी धावणारी पोरं आठवड्यातून एकदा तरी हटकतात, "काका, मराठातच राहावं की पॅराला नाव द्यावं?" मी दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. आधी दोन वर्षं मराठा लाइट इन्फंट्री, मग व्हॉलंटियर होऊन पॅरा, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणारी पायदळाची रेजिमेंट. त्यामुळे तराजू अगदी सरळ धरीन असं वचन देत नाही.

उडीचं आधी उरकून टाकू, कारण सगळे तिथेच अडकतात. धोनीने २०१५ मध्ये आग्र्याला पाच उड्या मारून छातीवर विंग, म्हणजे पॅराट्रूपरचा बिल्ला लावली, तेव्हापासून पोरांचा समज झालाय की पाच उड्या म्हणजे पॅराट्रूपर. आग्र्याची ती शाळा हवाई दल चालवतं. पाचातली एक उडी रात्रीची. छत्रीची पट्टी विमानातल्या तारेला अडकवलेली असते, आपण दारातून बाहेर पडलो की छत्री आपोआप उघडते. साधारण साडेबाराशे फुटांवरून मिनिटभरात उतरायची जागा, आग्र्याजवळच्या मालपुऱ्याचा माळ, पायाशी येतो. पाय आणि गुडघे जोडून ठेवायचे, बाकी अक्कल चालवायला वेळच नसतो. भीती वाटते, पण दारात मागच्याचा रेटा असतो. दादरला उतरणाऱ्याला तो काय नवीन!

उडी म्हणजे आपली लोकल. कामावर पोचायचं साधन. खरं काम उतरल्यावर, आणि ते मराठ्याचंच: पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल आणि चाल. फरक इतकाच, की मागून रसद घेऊन गाडी येईल याचा भरवसा नसतो. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाइलजवळ पुंगलीच्या पुलापाशी २ पॅरा उतरली. ही मूळची मराठ्यांचीच तिसरी पलटण. उत्तरेकडून जमालपूरची लढाई मारून १ मराठा, म्हणजे १७६८ साली आपल्या मुंबईत उभी राहिलेली जंगी पलटण, त्यांना तिथेच येऊन मिळाली. एक आभाळातून, एक जमिनीवरून. पूल एकच. म्हणून कोण श्रेष्ठ या वादात मी पडत नाही.

मराठातलं सुख मी नाकारणार नाही. लंगरात भाकरीवरून भांडण झालं तरी ते मराठीत. शेजारच्या खाटेवरचा साताऱ्याचा, पलीकडचा कोल्हापूरचा. त्याहून मोठं सुख म्हणजे शिव्या घालायला कुणीतरी असतं. हुकूम वरून येतो, आपण मनातल्या मनात सुभेदारसाहेबांचा उद्धार करत खड्डा खणतो, दिवस निघून जातो.

पॅरात मला जाचलं ते नेमकं हेच. ओझं, झोप, धावणं सगळं सोसलं. प्रोबेशनमध्ये, म्हणजे पॅरात घेण्याआधी पारखतात त्या काळात, एका रात्री लांबच्या चालीत मी बूट काढला, तर मोज्याबरोबर टाचेचं कातडंही आलं. उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, टॉर्च मारला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "जाना है? गाडी खड़ी है।" आवाजात राग नाही, टोमणाही नाही. चहा घेणार का विचारावं तसं. आणि गाडी खरंच उभी होती, इंजिन चालू. नुसतं हो म्हटलं असतं तर आपल्या जुन्या पलटणीत परत. कुणी हसलं नसतं. परत गेलेल्यांत माझ्याहून तगडे गडी होते.

ती गाडी रोज असायची. मी मोजा तसाच वर ओढला आणि पुन्हा बूट घातला. कुरकुर करायला तोंड उघडलं की एकच उत्तर, "खुद आया था ना?" यावर बोलणार काय? कुणी पाठवलं नव्हतं. राग काढायला समोर माणूसच नाही, हा त्रास फोडांपेक्षा वाईट. पहिला महिना त्याच्यावरच चडफडलो. मग हळूहळू लक्षात आलं की उजवी-डावीकडची पोरंही रोज त्या गाडीला नाही म्हणूनच इथे उरलीत. रात्री अंधारात त्यांच्या पाठीमागून चालताना मला जो विश्वास वाटायचा, तो आधी तेवढा वाटला नव्हता. कदाचित माझं वय वाढलं असेल, तेवढंच.

ज्याला सांगितलेलं काम चोख करायला आवडतं आणि आपली माणसं भोवती हवीत, त्याने मराठातच राहावं. त्यात कमीपणा शून्य. ज्याला स्वतःवर चिडून झोपायची सवय आहे, त्याने नाव देऊन बघावं. गाडी आहेच.

गुडघे मात्र दुखतात. भांडुप स्टेशनचा पूल चढताना मी कठड्याला धरून थांबलो की बायको पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि म्हणते, "तुम्हालाच हवं होतं ना!"