न्यू जर्सीतला वीज कंपनीचा बंद हेलिपोर्ट (५ स्टार, पण आत जाता येत नाही)

मॅपवर अजून पिन दिसतो म्हणून लिहितोय, हा हेलिपोर्ट बंद झालाय. खासगी होता, त्यामुळे चालू असतानाही परवानगीशिवाय कोणाला उतरता यायचं नाही.

रविवारी मुलाला घेऊन गेलो, कुंपणाबाहेरूनच बघितलं. काँक्रीटवरच्या हेलिकॉप्टर उतरायच्या 'एच' खुणेवर रंग फासलाय पण तिरक्या उन्हात त्याच्या कडा अजून दिसतात, आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉकच्या खांबाला नुसती लोखंडी रिंग उरलीय, कापड केव्हाच गेलंय.

माझे बाबा एमएसईबीत लाइनमन होते, कोकणातल्या भर पावसात खांबावर चढायचे, म्हणून मला इथे भरूनच आलं. काम शेवटी तेच ना. वीज कंपन्या हेलिकॉप्टरमधून हाय टेन्शन लाइन तपासतात, थर्मल कॅमेऱ्यात तापलेला जॉइंट लगेच उठून दिसतो, आणि काही वेळा तर लाइनमन हेलिकॉप्टरला लावलेल्या प्लॅटफॉर्मवर बसून चालू लाइनवर काम करतो, आधी क्लॅम्प लावून स्वतःला आणि हेलिकॉप्टरला लाइनच्याच व्होल्टेजवर आणायचं, मग शॉक बसत नाही. पोरगा दोनदा म्हणाला, "बाबा, खरंच?" आजोबांचा फोटो दाखवला त्याला तिथेच.

आता तपासणीचं बरंच काम ड्रोनवर गेलंय. तरी मॅपवाल्यांनी पिन काढू नये, फक्त "बंद" लिहावं.

जाणार असाल तर गाडी रस्त्याच्या कडेला लावा, शेजारचं सबस्टेशन चालू आहे, कुंपणाला हात लावू नका.