.३०८ ची रायफल: सेमी-ऑटो की बोल्ट?

गोव्यात वाळपईकडे बागायतीत रानडुकरांचा विषय निघाला की कोणीतरी टेक्सासमधल्या शिकारीचा व्हिडिओ दाखवतोच. मग प्रश्न येतो, सेमी-ऑटो बरी की बोल्टवाली? .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या या दोन रायफलींत गोळी तीच, मारही जवळपास तोच.

सेमी-ऑटोत गॅसच्या दाबाने पुढचं काडतूस आपोआप चढतं. डोळा दुर्बिणीवरून हलत नाही, खांद्याला धक्काही थोडा कमी. पळत्या कळपावर दुसरी गोळी लगेच. पण एआर-१० (एक अमेरिकी सेमी-ऑटो) धाटणीची रायफल दुर्बीण आणि भरलेलं मॅगझिन धरून साडेचार-पाच किलोंच्या घरात जाते. मचाणावर ठीक, चढणीला खांदा बोलू लागतो. शिवाय आत काजळी साचते, ती वेगळीच कटकट.

बोल्टवाली साधारण किलोभर हलकी. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा, म्हणून पहिलीच नीट लावावी लागते. हरणासाठी मला हीच पटते. फ्लोरिडात तर पाचपेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनची सेमी-ऑटो हरणाला चालतच नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद, आणि असली सेमी-ऑटो सामान्य परवान्यात बसत नाही. शेतराखणीला बहुधा ठासणीची नाहीतर बाराबोअर (छऱ्यांची बंदूक). निवडणूक लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा.